कायद्यात न आलेली ओळ

‘मंत्री म्हणजे सरकार नव्हे’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागे सत्काराचे नारळ वाटणं चालू होतं. सकाळचा अभ्यासवर्ग जेवणाची वेळ झाली तरी सत्कारातच अडकला होता. आधी दीपप्रज्वलन, मग माझा सत्कार, मग ज्यांनी मंगल कार्यालय फुकट दिलं त्यांचा, मग जिल्ह्यातून आलेल्या एकेका चेअरमनचा. एकाचं नाव पुकारायचं राहिलं म्हणून ते बाहेर जाऊन जीपमध्ये बसले. त्यांना समजावून आत आणलं आणि त्यांचा सत्कार दोनदा केला, कारण पहिल्या वेळी फोटोवाला चहाला गेला होता. सरकार कसं चालतं हे शिकायला जमलेल्या या मंडळींना शिकवायला माझ्या वाट्याला उरलेला वेळ असा होता.

मला तिथे आणलं होतं दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने. मी नाशिकच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते, तो गावी द्राक्षं, कांदे आणि टोमॅटो पिकवत होता. आमचं गाव कालव्याच्या अगदी शेवटाला आहे. त्याला सगळे टेल म्हणतात, धरणाजवळच्या गावांना हेड. नव्वदच्या दशकात आमच्याकडे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था निघाल्या. सरकारकडून पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात आपणच वाटायचं, अशी ती पद्धत. दादा आमच्या गावच्या संस्थेचा चेअरमन होता. संस्था निघाल्या तेव्हा सगळ्या गावांच्या जुन्या माणसांनी देवळासमोर बसून एक रीत ठरवली होती: पाण्याची पाळी आली की आधी टेलची शेतं भिजवायची, मग एकेक दार उघडत वर हेडकडे यायचं. उलटं केलं तर पाणी टेलला पोचतच नाही. वाटेतच संपतं.

रीत चांगली होती. पण ती कुठे लिहिलेली नव्हती आणि हेडच्या लोकांच्या मर्जीवर चालायची. एखाद्या वर्षी त्यांच्यात कुणाचं बिनसलं, की रात्रीतून कालव्यात पाइप पडायचे आणि दादाला वर जाऊन घरोघर ओट्यावर बसून विनवण्या कराव्या लागायच्या. चहा मिळायचा, पाणीही बहुतेक मिळायचं. पण मागावं लागायचं. दादा तापट नव्हता, तरी वरून आला की तासभर कुणाशी बोलायचा नाही.

अशात कळलं की सरकार पाणीवापर संस्थांसाठी कायदाच करतं आहे. दादाच्या मनात आलं, टेलला आधी पाणी ही एक ओळ त्या कायद्यात घातली की मागणं संपलं. एवढंच त्याला हवं होतं. त्याने ते मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, कायदा असा होत नाही. तो म्हणाला, ‘मग कसा होतो ते आम्हाला शिकव. पोरांना शिकवतेस, तसं.’

पोरं बरी. पोरं निदान परीक्षेला घाबरतात. या चेअरमन मंडळींनी आयुष्यभर साखर कारखान्याच्या, सोसायटीच्या, बाजार समितीच्या निवडणुका लढवल्या होत्या आणि सरकारातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. साहेब हो म्हणाले की काम झालं, हा त्यांचा राज्यशास्त्राचा एकमेव सिद्धांत. विधेयक म्हणजे काय, ते समितीकडे का जातं, आमदाराने सुधारणा सुचवायची तर आधी लेखी सूचना द्यावी लागते, विधेयकात खंड असतात आणि कायदा झाला की त्यांची कलमं होतात, हे मी सांगत होते. ते मान डोलवत होते. कीर्तनाला डोलवतात तशी.

दुपारी मी त्यांचा सराव घेतला. म्हटलं, मी मंत्री आहे असं धरा, तुमच्याकडे तीन मिनिटं आहेत, मागणी सांगा. एक वयस्कर चेअरमन उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ‘सन्माननीय व्यासपीठ’ पासून सुरुवात केली. व्यासपीठावर मी एकटीच होते. मग धरण कुणाच्या काळात बांधलं, त्यांच्या आजोबांची जमीन त्यात कशी गेली, भूमिपूजनाला कोण आलं होतं. मी टेबलावर डस्टर आपटलं आणि वेळ संपल्याचं सांगितलं.

‘अजून मुद्द्यावर आलोच नाय मॅडम,’ ते म्हणाले.

सगळे हसले. ते स्वतःही हसले. मी हसले नाही. मी पुन्हा सांगितलं: एक कागद, एक मागणी, एकच बोलणारा, आणि सत्कार अजिबात नाही, कारण तीन मिनिटांत एक तर फेटा बांधून होतो नाहीतर मागणी सांगून होते. यावर मात्र वर्गात पहिल्यांदा खरी चर्चा झाली. सटाण्याकडून आलेले एक गृहस्थ इतका वेळ गप्प होते, ते उभे राहून अहिराणीत म्हणाले, ‘मोकळा हाते जानं बरं नही शे.’ रिकाम्या हाताने जाणं बरं नव्हे. त्यावर टाळ्या पडल्या. माझ्या दिवसभराच्या बोलण्यावर पडल्या नव्हत्या.

पुढे विधेयकाची छापील प्रत दादाच्या हाती आली आणि आम्ही दोघं त्याच्या घरी सतरंजीवर बसून ती वाचू लागलो. हे लिहिताना मी वारंवार थांबते आहे, कारण त्या दुपारी मला इतर कशाहूनही जास्त आठवतात. दादा बोट ठेवून वाचायचा. ‘परंतु असे की’ आलं की थांबायचा आणि म्हणायचा, इथे फसवतात. बहुतेक वेळा ते खरं असायचं. पाणीवाटपाच्या खंडात फक्त एवढंच होतं की वाटप मंजूर कार्यक्रमाप्रमाणे होईल. कुठून सुरू होईल ते नव्हतं. दादाने पेन्सिलीने तिथे ओळ लिहिली: वाटप कालव्याच्या शेवटच्या भागातून प्रथम सुरू करण्यात येईल. मी तिच्यातला एकही शब्द बदलला नाही. बदलण्यासारखं काही नव्हतं.

मंत्र्यांची वेळ मिळाली. दादाने सगळ्या चेअरमनकडून वदवून घेतलं होतं की सत्कार नाही. ती ओळ मागणाऱ्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. न वाचता केल्या. दोन जीप भल्या पहाटे निघाल्या, मी पुढच्या जीपमध्ये होते. इगतपुरीला चहाला थांबलो. धुकं इतकं होतं की टपरीचा दिवाच तेवढा दिसत होता. मी दादाकडून त्याची तीन मिनिटं पुन्हा म्हणून घेत होते. तेवढ्यात मागच्या जीपचं मागचं दार कुणीतरी काहीतरी काढायला उघडलं, आणि आत द्राक्षांच्या पेट्या, शाली, नारळांचं पोतं आणि त्यांच्यामध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक माणूस दिसला. तो फेटे बांधणारा होता. त्याला लग्नाच्या दिवसांतही तारीख मिळत नाही, मोठ्या मुश्किलीने आणलाय, असं मला कौतुकाने सांगण्यात आलं.

मी दादाकडे पाहिलं. तो हेडच्या चेअरमनना म्हणाला, ‘आपलं काय ठरलं होतं?’

हेडचे चेअरमन म्हणजे कालव्यावरचा सगळ्यात वजनदार माणूस. दादाचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘दादा, मंत्रालयात आपण सोयरिकीला चाललोय असं समजा. सोयरिकीला पान-सुपारी नको म्हणून कुणी म्हणतं का?’

मंत्रालयाच्या दारात आणखी एक गोष्ट कळली. आत जाणाऱ्यांच्या नावांत फेटेवाला बसावा म्हणून माझं नाव कमी केलं होतं. मॅडमना काय, त्यांना तर सगळं माहीतच आहे, असं त्यावर कुणीतरी म्हणालं. त्यामुळे आत जे झालं ते मी पाहिलं नाही, बाहेर लाकडी बाकावर बसून होते. पण ते मला इतक्या जणांनी इतक्या आनंदाने सांगितलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. मंत्री उभे राहिले. फेटा बांधायला घेतला. तो बांधून होईपर्यंत त्यांना मान हलवता येईना आणि त्यामुळे कागद वाचता येईना. शाल कुणी घालायची यावरून दोन चेअरमनमध्ये कुजबूज झाली. मग फोटो. मग फोन आला. दादाने कागद पुढे केला तेव्हा मंत्री फेट्यासकट दुसऱ्या बैठकीला निघाले होते. त्यांनी उभ्याउभ्या कोपऱ्यात शेरा मारला: तपासून सादर करावे.

बाहेर आले ते सगळे जण जिंकून आल्यासारखे. साहेबांनी सही केली, साहेबांना फेटा शोभला, साहेब आपल्या तालुक्याला विसरलेले नाहीत. मी सांगत राहिले की या शेऱ्याचा अर्थ एवढाच की कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल. कुणी ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर घाट चढताना मागच्या जीपमधून गाण्यांचा आवाज येत होता. दादा खिडकीबाहेर बघत होता. मी फार बोलले त्याला. म्हटलं, या लोकांना शिकवण्यापेक्षा मी कालव्याच्या भिंतीला शिकवीन. तो म्हणाला, ‘तू शिकव. शिकतील.’

काही दिवसांनी आम्ही दोघंच पुन्हा मुंबईला गेलो आणि ज्या टेबलावर कागद पोचला होता त्या टेबलापर्यंत पोचलो. तिथल्या अधिकारी बाई माझ्याच वयाच्या होत्या, त्यांच्या टेबलावर डबा उघडा होता आणि त्या खाता खाता वाचत होत्या. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. ओळ चांगली आहे, म्हणाल्या, पण चेअरमन मंडळींच्या नुसत्या सह्यांवर चालणार नाही. कालव्यावरच्या प्रत्येक संस्थेने सभा घेऊन ठराव करावा, ते ठराव घेऊन आपल्या आमदाराला सुधारणा मांडायला सांगा. सगळ्यांचे ठराव असतील तर खात्याचा विरोध राहणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला सरकारात असा कुणी भेटला होता, जो पुस्तकात लिहिलेलं तसंच करत होता. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मी फक्त धन्यवाद म्हटलं.

ठराव करायचा म्हणजे सभेत वाचून दाखवायचा. दादाने सगळ्या चेअरमनना आपल्या ओट्यावर बोलावलं आणि ती ओळ मोठ्याने वाचली. मग तिचा अर्थ सांगितला. वहिनी चहा घेऊन आली, कप वाटले गेले. हेडच्या चेअरमननी बशीत चहा ओतला आणि विचारलं, ‘प्रथम म्हणजे आमच्या आधी?’

‘आत्ता देता तसंच,’ दादा म्हणाला.

‘आत्ता देतो. ते वेगळं.’

तेवढंच. ठराव आपापल्या संस्थेत ठेवतो असं सांगून सगळे उठले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी खूश होते की निदान एकाने प्रश्न विचारला. वर्गात कधी कुणी विचारला नव्हता.

पुढच्या महिन्यात मी त्या अधिकारी बाईंना फोन केला, ठराव पोचले का ते विचारायला. त्या म्हणाल्या, ठराव पोचले. तुमच्या दादांच्या गावचा आणि शेजारच्या दोन गावांचा तुमच्या बाजूने आहे. बाकी सगळे विरोधात आहेत. त्या गावांची माणसं येऊन भेटूनही गेली. मी विचारलं, किती जण होते, फेटे वगैरे आणले होते का. नाही, त्या म्हणाल्या. तिघंच होते. एकच बोलले, एक पान आणलं होतं, त्यात एकच मुद्दा होता. काही द्यायला आणलं नव्हतं. मग आमदारांना भेटले, मग समितीवरच्या सदस्यांना.

‘तयारी चांगली होती त्यांची,’ त्या म्हणाल्या. ‘कुणीतरी शिकवलं असणार.’

मी स्टाफरूममधला फोन ठेवला. मला राग येत होता, आणि तो कुणाचा करायचा हेच कळत नव्हतं. इतकी वर्षं मी वर्गात सांगत आले की लोकांना आपलं हित कळलं आणि ते मांडायची रीत कळली की लोकशाही चालते. ती चाललीच होती. माझ्या भावाच्या विरोधात, माझ्याच टिपणांप्रमाणे.

हेडचे चेअरमन नंतर दादाकडे आले. लपवाछपवी त्यांनी केली नाही, एवढं म्हणायला हवं. मी तेव्हा गावीच होते, आतल्या खोलीत. ते ओट्यावर बसले आणि आधी कांद्याच्या रोपाची चौकशी केली. मग म्हणाले, ‘दादा, पाणी कधी बंद केलंय का आम्ही? सांगा. लय तर दोनदा उशीर झाला असंल.’

‘नाही केलं.’

‘मंग कायद्यात कशाला? तुमाला आम्ही आमच्या मनानं देतो. सरकारनं द्यायला लावलं, तर मंग त्याच्यात आमचं काय राहिलं?’

दादा म्हणाला, ‘तुमचं मन चांगलं आहे, त्याच्याबद्दल बोलणं नाही. पण मला मागायचं नाही. माझ्यामागं माझ्या घरातल्या कुणी तुमच्या ओट्यावर येऊन मागायचं नाही. एवढ्यासाठी ती ओळ होती.’

‘येतात तर येऊ द्या. ओटा काय परका हाय?’ चेअरमन म्हणाले. आणि ते हे मनापासून म्हणाले, हाच सगळा त्रास होता. त्यांना ते कळलंच नाही. मी बाहेर जाऊन समजावून सांगणार होते, पण वहिनीने दारातच हात आडवा धरला.

विधेयक संमत झालं. आमच्या ओळीशिवाय. तालुक्याला मात्र बातमी पोचली ती अशी की कायदा आला, आणि कायद्यासाठी झटला कोण, तर दादा. मग त्याच मंगल कार्यालयात त्याचा सत्कार झाला. हेडच्या चेअरमननी स्वतः शाल घातली आणि भाषणात डोळे पुसले. दादा फेटा बांधून खुर्चीवर बसला होता. मी रागाने म्हटलं होतं, जाऊ नकोस. तो म्हणाला, ‘नाही गेलो तर रब्बीच्या पाळीला काय तोंडाने जाऊ वर?’

त्यानंतरही तो वर जातच राहिला, जवळजवळ दर वर्षी. मी पुढे आणखी अभ्यासवर्ग घेतले नाहीत. मला बोलावलं, पण मी कॉलेजची कामं सांगितली. दादा मात्र त्या छापील विधेयकाऐवजी आता कायदा वाचायचा, नियम वाचायचा, कुठे फट आहे का ते बघायचा. एखादं कलम सापडलं की मला फोन करायचा. मी घाईत असायचे.

या वर्षी मार्गशीर्षात तो गेला. दुखणं मोठं नव्हतं, पण सरलं नाही. दहाव्याला सगळा कालवा लोटला होता, हेडपासून टेलपर्यंत. विधी आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा गडी सांगत आला की चारीला, म्हणजे आमच्या शेताकडे येणाऱ्या पाटाला, पाणी आलं आहे. पाळी अजून यायची होती. हेडच्या चेअरमननी आपल्या आणि आपल्या बाजूच्या सगळ्यांच्या शेतांची दारं बंद ठेवून, खात्यात खटपट करून, दादासाठी म्हणून पाणी आधी खाली सोडलं होतं. अंगणातल्या बायका रडायला लागल्या. केवढं मोठं मन, असं जो तो म्हणत होता. तिघा-चौघांनी ते मला मुद्दाम येऊन सांगितलं, म्हणजे मला बरं वाटावं.

मला बरं वाटलं नाही. त्याला जन्मभर मोठं मन नकोच होतं, त्याला एक ओळ हवी होती. ती असती तर हे पाणी कुणाच्याही मनावर अवलंबून न राहता आलं असतं आणि तो दिवस फक्त दादाचा राहिला असता. हे मी कुणालाच सांगू शकले नाही. दहाव्याच्या दिवशी कुणाला खंड आणि कलमं समजावणार?

दोन दिवसांनी, तेराव्याच्या आदल्या दुपारी वहिनी पडवीत आली. अंगावर पांढरं पातळ, डोक्यावरून पदर घेतलेला, पायात चपला. ती वर, हेडला निघाली होती. चेअरमनांचे आभार मानायला.

मी तिला म्हटलं, सुतक आहे, तेरावं व्हायचं आहे, तू आत्ता जाऊ नकोस, तुला कुणी नावं ठेवणार नाही. आणि आभार कसले? हे आपल्या हक्काचं पाणी आहे. दादाने काय काय केलं त्यासाठी, तुला माहीत आहे.

वहिनी माझं सगळं बोलणं उभी राहून ऐकत होती. मी थांबल्यावर तिने जिन्याखालची छत्री घेतली, उन्हासाठी.

‘हक्काचं आहे ते मला ठाऊक आहे, ताई,’ ती म्हणाली. ‘पण कांद्याला अजून तीन पाळ्या लागतात.’

मीही चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघाले.